दर फेऱ्याला दोनदा

"ब्रेकचं काही विचारू नकोस," गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवताना मामा म्हणाले. "तिला ब्रेक कधी नव्हताच. आम्ही गिअर टाकून थांबवायचो."

जुन्या जावा मोटरसायकलची किल्ली म्हणजे किल्ली नव्हेच, टोपीच्या खिळ्यासारखी एक दांडी. ती दाबून बसवायची. मामांनी १९७० साली घेतलेली ही २५० सीसी जावा त्यांच्या गोठ्यात चौदा वर्षं गवताच्या पेंढ्यांमागे उभी होती. ब्रेक नव्हताच हे त्यांचं म्हणणं थट्टेचं होतं, पण अगदीच खोटं नव्हतं. गिअरवर मात्र ही गाडी थांबणं कठीणच. टू-स्ट्रोक इंजिन अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गाडीला फारसं धरून ठेवत नाही, नुसतं पुटपुटत बसतं. म्हणजे मामा थांबायचे ते बहुतेक पायाने, नाहीतर देवाच्या कृपेने.

इंजिनाचं काम मी एका जाणत्या मिस्त्रीकडे सोपवलं होतं. चाकं आणि ब्रेक मात्र घरीच करायचे असं ठरवलं. त्याला धाडसापेक्षा हिशोब जास्त होता. चाकं उघडी असतात, सगळं डोळ्यांना दिसतं, आणि कोल्हापुरात राहत असल्यामुळे जे घरी होणार नाही ते उद्यमनगरात होणार याची खात्री होती. कारखान्यांच्या त्या वस्तीतल्या एका गल्लीत जेवढे लेथ, म्हणजे धातू फिरवत कापणारी यंत्रं, आहेत तेवढे काही तालुक्यांत नसतील. शिवाय डोक्यात एक तारीख होती: जुलैचा दुसरा रविवार. त्या दिवशी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी आपापल्या गाड्या घेऊन एकत्र जमतात. मी काम सुरू केलं मे महिन्याच्या मध्याला. दोन महिने भरपूर आहेत असं वाटलं. पुढचा सगळा घोळ त्या वाटण्यातून झाला.

अंगणात गाडी स्टँडवर लावून पुढचं चाक हाताने फिरवलं. दोन्ही बोटं रिमजवळ धरली तर रिम एकदा या बोटाला लागायची, एकदा त्या बोटाला. 'आउट' म्हणतात ते हे, आणि जवळजवळ पाच मिलिमीटर. चाकाच्या तारांवरून, म्हणजे स्पोकवरून, स्क्रू-ड्रायव्हर फिरवला तर काही तारा टण्ण वाजल्या, काही थड वाजल्या, आणि एक वाजलीच नाही, कारण ती निपलमध्ये, म्हणजे तार रिमला आवळणाऱ्या छोट्या नटमध्ये, तुटलेली होती आणि केवळ गंजाच्या जोरावर जागेवर उभी होती.

खोलण्यापूर्वी एक काम केलं, आणि ते केलं म्हणून आज स्वतःला शाबासकी देतो. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, कडेवर पोलादी पट्टी आडवी धरून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं, चार ठिकाणी, दोन्ही बाजूंनी, आणि आकडे वहीत लिहिले. हबच्या मानाने रिम किती डावी-उजवी बसते हे चाक एकदा सुटलं की कोणी सांगू शकत नाही. नंतर चाक कितीही सरळ बांधलं तरी ते फोर्कच्या मधोमध येत नाही, आणि गाडी हात सोडला की एका बाजूला ओढते. त्याच वहीत तारांचं चित्र काढलं: कुठली तार कुठल्या तारेवरून जाते, कुठलीचं डोकं हबच्या आत आणि कुठलीचं बाहेर. मोबाइलवर फोटोही काढले, पण खरा उपयोग झाला तो चित्राचाच, कारण चित्र काढताना बघावं लागतं.

एका चाकाला तारा छत्तीस. निपलवर डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून दोन दिवस ओतत राहिलो. तेवीस सुटले, बाकीच्यांनी दाद दिली नाही. त्यांना कटरने कापलं. कापताना एका बाजूच्या सगळ्या तारा एकदम कापायच्या नसतात, समोरासमोरच्या कापत जायचं, नाहीतर उरलेल्या तारा रिमला वाकडी ओढतात. रिम तशीही क्रोमिंगला जायची होती, पण वाकलेली रिम क्रोम करून घेणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणं.

आता ब्रेक. या गाडीचा हब ॲल्युमिनियमचा, चाकाच्या जवळपास पूर्ण रुंदीचा, आणि त्याच्या आत बिडाचं कडं बसवलेलं. ब्रेक दाबला की आतले दोन अर्धगोल शू या बिडाच्या कड्यावर, म्हणजे ड्रमवर, घासतात. शूवरचा घासणारा थर तो लायनर. शू धरणारी प्लेट काढली तेव्हा आत काळी भुकटी साठली होती. इथे माझ्या हातून पहिली चूक होता होता राहिली. सवयीने मी तोंडाने फुंकर मारणार होतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ती भुकटी फुंकायची नाही, हवेच्या पाइपनेही उडवायची नाही. मास्क लावला, ओल्या फडक्याने सगळं पुसलं, फडकं पिशवीत बांधून टाकलं. आमच्याकडे गॅरेजमध्ये हवेचा पाइप मारूनच ड्रम साफ करतात आणि पोरगं तिथेच शेजारी बसून वडापाव खात असतं. त्याबद्दल बोलायला गेलं की आपण पुस्तकी ठरतो, म्हणून हल्ली बोलत नाही. पण लिहितो.

ड्रमचा मूळ व्यास १६० मिलिमीटर. माझा व्हर्निअर एका दिशेने १६०.५ दाखवत होता, काटकोनात फिरवला की १६०.३. कडेला जिथे शू पोचत नाही तिथे एक धार उरली होती, नखाला लागेल अशी. म्हणजे लेथवर ड्रम मारून घ्यावा लागणार, आतून खरवडून गोल करून, जेमतेम तेवढाच. बिडाचं कडं जेवढं पातळ होईल तेवढं ते तापेल आणि पुढच्या माणसाला कमी उरेल.

बेअरिंग काढायला आईचा भाकरीचा तवा वापरला. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, हे सगळं गणित त्यावर आहे. हब तव्यावर ठेवला, मंद आच दिली, आणि पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र झालं की लाकडी फळीवर उलटा आपटला. दुसऱ्या ठोक्याला बेअरिंग खाली पडलं. हातोडी-पंच घेऊन झुंजलो असतो तर हबची बैठकच खराब केली असती. बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचता आला: ६३०२. आतला व्यास १५ मिलिमीटर, बाहेरचा ४२, जाडी १३. हा नंबर जगात कुठेही मिळतो, आणि गाडी जुनी म्हणून दुकानदाराने मान हलवायची यात सोय नाही. नवीन बेअरिंग एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवले, खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी. सकाळी हब पुन्हा तव्यावर. थंड बेअरिंग गरम हबमध्ये बोटांनी दाबून बसलं, टक् असा बारीक आवाज आला. तो आवाज ऐकायला मी आईलाही बोलावलं होतं. तिने तवा परत कधी मिळणार एवढंच विचारलं.

दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते, अंतर राखणारी. ती घालायची राहिली तर एक्सल आवळताना बेअरिंग आतल्या आत कडेने दाबली जातात आणि दोनशे किलोमीटरमध्ये बोंबलतात. ही नळी मी रॉकेलच्या डब्यात धुवायला टाकली होती आणि दुसरं बेअरिंग बसवण्याच्या दोन मिनिटं आधी आठवली. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हब घेऊन उद्यमनगरात गेलो. ज्यांच्याकडे गेलो ते आण्णा सत्तरीचे, टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे. मामांना ओळखणारे. त्यांनी हब हातात घेऊन फिरवला, कड्यावर अंगठा फिरवला, आणि परत माझ्याकडे दिला.

"रिम कुठाय?"

"क्रोमिंगला टाकलीय आण्णा. तोवर ड्रम मारून घ्यावा म्हटलं."

"आधी चाक बांध. तारा वडून घे. मग आण. ड्रम शेवटला मारायचा असतोय."

मी त्यांना तारखेबद्दल सांगितलं. चाक बांधून, पावसात सांभाळत इथे आणून, परत न्यायचं म्हणजे आणखी आठवडा. शिवाय नुसता हब कुठल्याही लेथला बसतो. आण्णा वाद घालणारे नाहीत. "तुझं चाक, तुझी मर्जी," म्हणाले, आणि हब लेथच्या चकमध्ये, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्यात, धरला. बिडाचा काळा चुरा पडत राहिला. व्यास १६०.९ झाला, आतून आरशासारखा. मी खूश. आण्णांनी पैसे घेतले, आणि जाताना एवढंच म्हणाले, "परत येशील तवा टायर नको लावून आणू."

हे मी तेव्हा चेष्टा समजलो.

रिमची कथा थोडक्यात आटोपतो, कारण ती आठवली की अजून डोकं तापतं. क्रोमिंगवाल्याने, नाव घेत नाही, बफिंग इतकं केलं की निपलच्या भोकांच्या कडा पातळ झाल्या, आणि दोन भोकांत प्लेटिंगचा थर जमून निपल शिरेना. चांगलं क्रोम म्हणजे खाली तांबं, त्यावर निकेल, आणि शेवटी क्रोमचा अगदी पातळ थर. चमक दिसते ती मुख्यतः निकेलच्या जिवावर. निकेलमध्ये काटकसर केली तर कोल्हापूरचा एक पावसाळा पुरतो. माझ्या रिमवर काटकसर झाली की नाही हे यंदाचा पाऊस सांगेल. रिमच्या आतल्या बाजूला, जिथे ट्यूब बसते, तिथे क्रोम नीट चढत नाही. तिथे मी प्रायमर आणि रंगाचे दोन हात दिले. जुनी रिम गंजली होती ती आतूनच, बाहेरून नाही.

तारा पुण्याहून आणल्या, नाना पेठेतून. जुन्या दोन तारा नमुन्याला नेल्या होत्या: एक डोकं आत असणारी, एक बाहेर असणारी. दोघींची लांबी सारखी दिसते, पण डोक्याजवळचा वाक वेगळा असतो. दुकानदाराने नमुना न बघताच 'सगळ्या सेम असतात' म्हणून एक जुडी पुढे केली. मी काउंटरवर दोन्ही नमुने शेजारी ठेवले, तेव्हा त्याने आतून दुसरी जुडी आणली.

चाक बांधणं हे सगळ्यात अवघड असं सगळे सांगतात. मला ते सगळ्यात रमवणारं वाटलं. रात्री जेवणं झाल्यावर माजघरात सतरंजी अंथरून बसायचो. आधी आतल्या तारा, सगळ्या एकाच दिशेला तिरक्या, मग बाहेरच्या, उलट दिशेला. निपल नुसते चार आटे लावून सोडायचे. सगळ्या छत्तीस लागल्याशिवाय एकही आवळायची नाही. पहिल्या रात्री मी सगळ्या तारा लावल्या आणि मग बघितलं तर व्हॉल्व्हचं भोक दोन तारा एकमेकींकडे झुकतात त्याच्या नेमकं खाली आलं होतं. तिथे हवेची नळी शिरलीच नसती. सगळ्या सोडल्या. दुसऱ्या रात्री बरोबर.

मग आउट काढणं. स्टँड म्हणून जुन्या लोखंडी अँगलचे दोन तुकडे व्हाइसमध्ये धरले, एक्सल त्यांच्या खाचेत, आणि सायकलची एक तार वाकवून रिमजवळ दर्शक म्हणून लावली. आधी रिमच्या उड्या काढायच्या, म्हणजे वर-खाली. डावं-उजवं डुलणं नंतर. उलट केलं की एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतं आणि माणूस पहाटे तीनपर्यंत जागा राहतो. निपल एका वेळी पाव आटा. जिथे रिम उजवीकडे जाते तिथली उजवी तार सैल, डावी तेवढीच घट्ट. असं करत दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी दर्शकापासून रिमचं अंतर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त हलेना. वहीतल्या आकड्यांशी पट्टी लावून ताडून बघितलं, मधोमध. तारांवर स्क्रू-ड्रायव्हर फिरवला, सगळ्या साधारण एका सुरात. निपलमधून वर आलेली तारांची टोकं कानसने घासून सपाट केली, वर रबरी पट्टी, मग ट्यूब, मग टायर, ३.२५-१६ चा. टायर चढवताना साबणाचं पाणी लावलं तरी लोखंडी पानाने ट्यूबला चिमटा बसलाच. प्रत्येकाला एकदा बसतो.

दरम्यान शूंना नवीन लायनर पेस्ट करून आणले होते, ड्रम मोठा झाला म्हणून थोडे जाड. सगळं जोडलं. तारीख होती ५ जुलै. बाहेर पाऊस असा की समोरचं घर दिसत नव्हतं.

पुढचं चाक वर उचलून फिरवलं. ब्रेकची केबल जरा ताणली, लायनर ड्रमला लागेल न लागेल इतपत. चाक हळूहळू फिरत होतं आणि आवाज येत होता: श्श… श्श… मध्ये शांत. परत श्श… श्श…

एका फेऱ्यात एकदा घासलं असतं तर मला कारण लगेच सांगता आलं असतं: ड्रम केंद्रातून सरकलाय, बेअरिंगची बैठक तिरकी आहे, असं काही. पण हे फेऱ्याला दोनदा होतं. व्हॉल्व्हला खडूची खूण केली आणि मोजत बसलो. बायको छत्री घेऊन दारात उभी होती, बाजारात जायचं होतं. तिला म्हटलं, थांब, जरा मोज ना. तिने पाच फेरे मोजले आणि म्हणाली, "दहा." दर फेऱ्याला दोनदा. म्हणजे ड्रम लंबगोल झाला होता. अंड्याच्या दोन बाजू शूला लागत होत्या, दोन सुटत होत्या.

लेथवरून तर गोल आला होता. व्हर्निअर लावून मी स्वतः मोजला होता.

गाडीच्या शेजारी ओल्या पायरीवर बसल्यावर आण्णांचं वाक्य आठवलं. छत्तीस तारा, प्रत्येकीचा ताण कित्येक किलोंचा, सगळ्या हबला बाहेर ओढतायत. ॲल्युमिनियमचा हब आणि त्यातलं पातळ कडं तो ताण थोडा तरी मानणारच. आणि ताण कधीच अगदी सारखा नसतो, सुरात आल्या तरी नाही. नुसत्या हबमध्ये गोल मारलेला ड्रम तारा ओढल्यावर गोल राहत नाही. म्हणून आधी चाक बांधायचं, हबला जो आकार घ्यायचा तो घेऊ द्यायचा, आणि मग त्या आकारात ड्रम गोल मारायचा. लेथ मारणारा प्रत्येक म्हातारा हे जाणतो. ते मला आण्णांनी एका वाक्यात सांगितलं होतं, आणि मी त्यांना कॅलेंडर दाखवलं होतं.

तारीख गेली. जुलैच्या त्या रविवारी मी दुसऱ्यांच्या गाड्यांचे फोटो बघितले. म्हैसूरच्या यादवगिरीत १९६१ साली जिथे जावाचा कारखाना सुरू झाला, त्या शहरातल्या एका ओळखीच्याने आपली चकचकीत गाडी उन्हात उभी केलेला फोटो पाठवला. कारखाना बंद होऊन पंचवीस वर्षं उलटून गेली, १९९६ साली कुलूप लागलं. गाड्या मात्र उन्हात उभ्या.

टायर काढला. आण्णांनी टायर नको लावून आणू म्हटलं होतं ते आठवून हसू आलं, पण फार नाही. चाक प्लास्टिकमध्ये गुंडाळून उद्यमनगरात नेलं. आण्णांनी काहीच विचारलं नाही. सोळा इंची रिमची कडा मध्यापासून जवळजवळ सव्वादोनशे मिलिमीटर लांब जाते, त्यांच्या नेहमीच्या लेथवर ती खालच्या लोखंडी बेडला आपटली असती. शेजारच्या शेडमध्ये फाउंड्रीची कामं करणारा मोठा लेथ होता, गॅप बेडचा, म्हणजे चकजवळचा बेडचा तुकडा काढता येतो आणि मोठं काम खाली उतरतं. तो तुकडा काढायला दोघं लागले. एक सरळ मँड्रेल, म्हणजे पोलादी दांडा, एक्सलच्या जागी घातला, लेथच्या दोन टोकदार सेंटरमध्ये धरला, आणि फिरणाऱ्या फेसप्लेटला एक बोल्ट लावून त्यावर जुन्या चामड्याची पट्टी गुंडाळली. तो बोल्ट हबला रेटत चाक फिरवणार. हबवर ओरखडा नको म्हणून चामडं, हे मला न विचारता आण्णांनीच केलं.

डायल लावला, गोलाईतला फरक सुईने दाखवणारा. सुई पाव मिलिमीटर गेली, परत आली, परत गेली. एका फेऱ्यात दोनदा.

"दिसलं?" आण्णा म्हणाले.

दिसलं म्हटलं.

पहिल्या फेरीत टूल दोनच ठिकाणी लागलं, समोरासमोर, आणि मधल्या दोन जागा जुन्या चमकत्याच राहिल्या. दुसऱ्या फेरीत नवीन पट्टे रुंद झाले. तिसऱ्यात एकमेकांना भेटले. व्यास १६१.३. त्याच्यापुढे मला जायचं नव्हतं, आण्णांनाही नाही.

मग शू. इथे मला वाटत होतं की लायनर हाताने कानस मारून जुळवायचे. आण्णांनी ब्रेकची प्लेटच लेथवर धरली, दोन्ही शू आणि स्प्रिंगसकट, आणि शू उघडणाऱ्या कॅमखाली अर्ध्या मिलिमीटरची पत्र्याची चकती सारून शू किंचित उघडे ठेवले. त्या स्थितीत लायनर बाहेरून मारले, ड्रमपेक्षा थोडे लहान. आता ब्रेक दाबला की शूची गोलाई आणि ड्रमची गोलाई एकच. शेवटी आघाडीच्या शूच्या पुढच्या टोकाला कानसने उतार दिला. या ब्रेकमध्ये एकच कॅम, म्हणून दोन शूंपैकी एकाला फिरणारा ड्रम आपल्याकडे ओढून घेतो, तो आपोआप घट्ट चावतो. दुसऱ्याला ड्रम ढकलत असतो, तो निम्मं काम करतो. चावणाऱ्याचं टोक धारदार राहिलं तर तो एकदम पकडतो आणि पावसात माणूस हँडलवरून पुढे जातो.

आण्णांनी पैसे घेतले ते दुसऱ्या लेथवाल्याचे आणि पत्र्याच्या चकतीचे. चकतीचे दहा रुपये. मी जास्त द्यायला लागलो तर म्हणाले, "पयल्यांदाचे दिलास की."

मागचं चाक मग शहाण्यासारखं केलं: आधी बांधलं, मग ड्रम. जावाच्या मागच्या चाकाची एक गंमत आहे, चाक काढताना साखळीला हात लावावा लागत नाही. स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चक्र, झाकलेल्या चेनकेसमध्ये तसंच राहतं आणि चाक एकटं बाजूला येतं. अशी सोय कोणी तरी कित्येक दशकांपूर्वी विचार करून दिली होती, आणि आजच्या कित्येक गाड्यांचं पंक्चर काढताना पोरं साखळीच्या ग्रीसने कोपरापर्यंत काळी होतात.

केबल मी घरी बनवली. तयार मिळते, पण तिचं बाहेरचं कवच मऊ असतं, ब्रेक दाबला की आधी कवच दबतं आणि मग कुठे तार ओढली जाते. चांगलं कवच वेगळं घेतलं, आत तार ओवली, टोक निपलमध्ये घालून झाडूसारखं उलगडलं, फ्लक्स लावून डागलं. उलगडल्याशिवाय डागलेलं निपल नेमकं हवं तेव्हा सुटून येतं. प्लेटवरचा हात, म्हणजे केबल जिला ओढते ती दांडी, अशा कोनात बसवला की ब्रेक पूर्ण लागताना केबल आणि हात यांच्यात काटकोन होतो. जोर सगळ्यात जास्त तिथे मिळतो. कॅमला ग्रीस अगदी तिळाएवढं. जास्त झालं की ते तापून वितळतं आणि लायनरवर जातं, मग मागचं सगळं काम पाण्यात. आणि शेवटची युक्ती: एक्सलचा नट सैल ठेवून ब्रेक गच्च दाबायचा, दाबलेला असतानाच नट आवळायचा. प्लेट आपोआप ड्रमच्या मध्यावर येते.

चाक उचलून फिरवलं. केबल ताणली. श्श्श्श्श, सलग, कुठेही न तुटता. बायकोला यावेळी मोजायला बोलावलं नाही.

पहिल्यांदा रंकाळ्याभोवती नेली, पहाटे, फिरायला येणारी माणसं यायच्या आत. नवीन लायनर पहिल्या दिवशी अर्धवटच धरतात, हे माहीत असूनही पोटात गोळा आला. आठवडाभर रोज थोडं चालवलं, कमी वेगात दहा-दहा वेळा हलका ब्रेक मारत. शंभर किलोमीटरनंतर तारा पुन्हा तपासल्या, तीन सैल झाल्या होत्या, पाव-पाव आटा आवळल्या. दसऱ्यानंतर पाऊस थांबला तेव्हा पन्हाळ्याला गेलो. चढताना ब्रेकचं काय काम! उतरताना मुद्दाम एकाच ब्रेकवर, पुढच्याच, वळणावळणावर हळू केली. मागे मामा बसले होते. त्यांनी आधी दोन वळणं माझा खांदा धरला, मग सोडला. खाली आल्यावर मी हबवर तळहात ठेवला. गरम होता, पण चहाच्या पेल्याइतका, हात ठेवता येत होता. मामांनीही ठेवला.

"हे पूर्वी असं नव्हतं," म्हणाले. नंतर जरा वेळाने, "पूर्वी आम्ही पायताणं झिजवायचो."

तीनशे किलोमीटर झाल्यावर प्लेट पुन्हा उघडली. आघाडीच्या लायनरवर चमक जवळजवळ सगळीकडे पसरली होती. मागच्या टोकाला बोटभर जागा अजून मळकट, खडूसारखी, तिथे ड्रम पोचलेला नव्हता. कानस हातात घेतली होती, पण परत ठेवली. तेवढं रस्त्यावर घासेल.